रक्ताच्या तपासणीवरून नैराश्याचे औषध ठरविता येईल काय?

ताप चार दिवसांत उतरला नाही की डॉक्टर रक्त तपासून आणावयास सांगतात. रिपोर्ट येतो, मलेरिया आहे की टायफॉईड ते कळते आणि त्याप्रमाणे औषध दिले जाते. मधुमेहाच्या रुग्णाची गोळी वाढवावयाची की कमी करावयाची, हेही रक्तातील साखर पाहूनच ठरते. यामुळे रक्त सर्व काही सांगते, असा समज आपणा सर्वांच्या मनात पक्का झाला आहे. मग घरातील एखादे माणूस महिनोन्‌महिने खिन्न राहते, जेवत नाही, पहाटे तीनला उठून छताकडे पाहत बसते आणि डॉक्टर मात्र नुसते प्रश्न विचारून गोळ्या लिहून देतात. अशा वेळी घरची मंडळी साहजिकच विचारतात, "डॉक्टरसाहेब, रक्त-लघवी काहीच तपासायचं नाही का?"

हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. जगातील मोठमोठ्या विद्यापीठांतील संशोधक कित्येक दशके हाच प्रश्न विचारीत आले आहेत. आम्ही वैद्यकशास्त्र शिकलेलो नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत आकडेमोड करणारी आम्ही माणसे. परंतु या विषयाचे जे वाचन आम्ही केले, त्यातून हाती आलेली माहिती समाजबांधवांपुढे सोप्या भाषेत मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अडचण कोठे आहे?

नैराश्य म्हणजे चार दिवसांची उदासी नव्हे. कशातच गोडी न वाटणे, झोप व भूक बिघडणे, अंगातले त्राण जाणे, आपण कुचकामी आहोत असे वाटणे आणि जगणे नको होणे, अशी लक्षणे निदान दोन आठवडे सतत राहिली म्हणजे डॉक्टर त्याला आजार म्हणतात. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात सुमारे दर २० प्रौढांमागे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा हा आजार होतो असे आढळले. त्याहून वाईट गोष्ट अशी, की आजारी असलेल्या १०० जणांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. कुणी "मनाला लावून घेऊ नकोस" म्हणून सोडून देतात, तर कुणी देवऋष्याकडे नेतात.

जे उरलेले थोडे डॉक्टरांपर्यंत जातात, त्यांच्यापुढे दुसरी अडचण उभी राहते. नैराश्यावर आज वीसहून अधिक औषधे आहेत. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ५२२ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेली सर्व २१ औषधे नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली. म्हणजे औषधे निरुपयोगी नाहीत. परंतु कोणते औषध कोणाला लागू पडेल, हे आधी सांगता येत नाही.

अमेरिकेत २००१ साली सुरू झालेल्या 'स्टार-डी' नावाच्या मोठ्या अभ्यासात सुमारे ४००० रुग्ण घेतले होते. त्या सर्वांना प्रथम सिटालोप्राम ही एकच गोळी दिली गेली. पहिल्या पायरीवर पूर्ण बरे झालेल्यांचे प्रमाण साधारण एक तृतीयांशच होते. बाकीच्यांना औषध बदलावे लागले किंवा जोडीला दुसरे द्यावे लागले. एकेक औषध पारखण्यास चार ते सहा आठवडे जातात. दोन औषधे बदलली की तीन महिने गेलेच. या तीन महिन्यांत रोजंदारीवरच्या माणसाचे काम सुटते, विद्यार्थ्याची परीक्षा बुडते, बाळंतिणीचे लेकराकडे लक्ष लागत नाही. काही जण तर या वाट पाहण्यातच जिवाचे बरेवाईट करून घेतात. म्हणून पहिल्याच दिवशी रक्त तपासून "तुला ही गोळी लागू पडेल" असे सांगता आले, तर किती जीव वाचतील याचा विचार वाचकांनीच करावा.

रक्त आणि मेंदू यांच्यामधील भिंत

मग इतकी साधी गोष्ट अजून का साधलेली नाही? पहिले कारण असे, की ही औषधे बहुतांशी योगायोगाने सापडली. इप्रोनियाझिड हे मूळचे क्षयरोगावरचे औषध. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या क्षयरोग रुग्णालयात ते घेणारे रुग्ण अनपेक्षितपणे हसूखेळू लागले, तेव्हा डॉक्टरांचे तिकडे लक्ष गेले. त्यानंतर काही वर्षांतच स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून यांना इमिप्रामिनचा गुण दिसला. औषध आधी हाती आले आणि ते का लागू पडते याचा शोध नंतर सुरू झाला. तो शोध अजून पुरा झालेला नाही.

दुसरे कारण शरीररचनेचे. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गाने एक बारीक गाळणी बसविली आहे. रक्तातील वाटेल तो पदार्थ मेंदूत शिरू शकत नाही. सिरोटोनिन या द्रव्याचे नाव नैराश्याच्या संदर्भात सर्वत्र ऐकू येते. परंतु शरीरातील बहुतेक सिरोटोनिन आतड्यात तयार होते आणि रक्तात ते बिंबाणूंमध्ये म्हणजे प्लेटलेट्समध्ये साठते. ते गाळणी ओलांडून मेंदूत जात नाही. म्हणून रक्तातील सिरोटोनिन मोजून मेंदूतील सिरोटोनिनचा अंदाज करता येत नाही. शेजाऱ्याच्या टाकीतील पाणी मोजून आपल्या माठात किती पाणी आहे हे कसे कळणार?

पहिली आशा आणि तिचा शेवट

तरीही शास्त्रज्ञ थांबले नाहीत. मनावर ताण आला की मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. निरोगी माणसाला रात्री डेक्सामेथासोनची गोळी दिली, तर दुसऱ्या दिवशी हे कॉर्टिसॉल खाली येते. तीव्र नैराश्याच्या अनेक रुग्णांत ते खाली येत नाही, असे दिसून आले. बर्नार्ड कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली या तपासणीची रीत तपशीलवार प्रसिद्ध केली. रात्री ११ वाजता १ मिलिग्रॅमची गोळी आणि दुसऱ्या दिवशी रक्त, एवढे सोपे काम. मानसोपचारालाही आता मधुमेहासारखी रक्ततपासणी मिळाली, असे अनेकांस वाटले आणि ठिकठिकाणी ती सुरू झाली.

पुढे अनुभव निराळा आला. वजन घटलेले, दारूच्या आहारी गेलेले, स्मृतिभ्रंश झालेले, इतकेच काय पण रुग्णालयात नुकतेच भरती झाल्याने घाबरलेले रुग्ण, यांच्यातही कॉर्टिसॉल खाली येईना. आणि मुख्य म्हणजे, उपचारापूर्वीच्या तपासणीवरून औषध लागू पडेल की नाही हे काही सांगता येईना. उपचारानंतरही कॉर्टिसॉल दबत नसेल तर आजार उलटण्याचा धोका अधिक, एवढे मात्र आढळले. नेहमीच्या उपचारातून ही तपासणी हळूहळू मागे पडली. एका गटात दिसलेली गोष्ट सर्वांना लागू करण्याची घाई करू नये, हा धडा तिने शिकविला.

सीआरपीची कथा

सध्या ज्या तपासणीकडे संशोधकांचे लक्ष विशेष लागले आहे, ती आपल्यापैकी अनेकांच्या रिपोर्टवर छापलेली असते. तिचे नाव सीआरपी. १९३० साली अमेरिकेतील रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडले. शरीरात कोठेही दाह म्हणजे आतली जळजळ सुरू झाली, की यकृत हे प्रथिन अधिक प्रमाणात तयार करते. गावात आग लागल्यावर घंटा वाजावी तसाच हा प्रकार. आग कोठे आहे ते घंटा सांगत नाही, आग आहे एवढेच सांगते.

नैराश्याच्या सुमारे चौथा हिस्सा रुग्णांत सीआरपी ३ मिलिग्रॅम प्रति लिटरहून अधिक म्हणजे थोडे चढलेले आढळते. यावरून असा तर्क निघाला, की काहींचे नैराश्य या आतल्या दाहाशी निगडित असावे आणि त्यांना वेगळे औषध लागत असावे.

युरोपातील 'जेनडेप' या अभ्यासात हा तर्क तपासून पाहिला गेला. रुडॉल्फ उहेर व सहकाऱ्यांनी २०१४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. २४१ रुग्णांचे उपचारापूर्वीचे रक्त तपासले होते. काहींना एस्सिटालोप्राम आणि काहींना नॉरट्रिप्टिलिन दिले होते. ही दोन्ही औषधे आपल्याकडेही मिळतात. ज्यांचे सीआरपी १ मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा कमी होते त्यांना एस्सिटालोप्रामने अधिक बरे वाटले. ज्यांचे त्याहून अधिक होते त्यांना नॉरट्रिप्टिलिनचा गुण अधिक आला. दोन्हीकडे फरक सरासरी ३ गुणांचा होता. आजाराची तीव्रता मोजण्याची ती मोजपट्टी ६० गुणांची आहे.

२०१७ साली अमेरिकेतील टेक्सास येथील संशोधकांनी शंभराहून थोड्या अधिक रुग्णांत असेच काहीसे पाहिले. सीआरपी कमी असलेल्यांना एकटे एस्सिटालोप्राम बरे पडले, तर अधिक असलेल्यांना त्याच्या जोडीला ब्युप्रोपिऑन दिल्यावर गुण आला. त्याआधी २०१३ साली अटलांटा येथील एमोरी विद्यापीठात ६० हट्टी रुग्णांवर वेगळाच प्रयोग झाला होता. सांधेदुखीत दाह कमी करण्यासाठी वापरतात ते इन्फ्लिक्सिमॅब हे औषध त्यांतील निम्म्यांना शिरेतून दिले. सर्वांचा एकत्र हिशेब केला तर औषधाचा फायदा दिसला नाही. परंतु ज्यांचे सीआरपी ५ हून अधिक होते, त्यांच्यात मात्र सुधारणेचा कल दिसला.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. "या रुग्णाला गुण येणार नाही" एवढेच सांगणारी तपासणी डॉक्टरांच्या फारशा उपयोगाची नाही. मग द्यावयाचे काय, हा प्रश्न उरतोच. "हे नको, ते द्या" असे जी सांगेल ती तपासणी खरी कामाची. सीआरपीकडे आशेने पाहिले जाते ते यासाठी. शिवाय ती स्वस्त आहे आणि बहुतेक प्रयोगशाळांत होते.

मग ती सुरू का करीत नाहीत?

याचे उत्तर आम्हा बँकवाल्यांना समजावयास सोपे जाते. कायम नोकरी असलेले कर्जदार सरासरीने हप्ते वेळेवर भरतात, हे खरे. पण म्हणून समोर बसलेला नोकरदार हप्ता चुकविणारच नाही अशी खात्री कोणी देईल काय? आणि नोकरी नसलेली भाजीवाली बाई एकही हप्ता चुकवीत नाही, हेही आपण पाहतोच. गटाची सरासरी ही त्या गटातील प्रत्येकाची कुंडली नसते.

समजण्यापुरते आकडे धरू. समजा १०० रुग्णांपैकी ४० जणांना पहिली गोळी लागू पडणार आहे आणि ६० जणांना नाही. आपली तपासणी दोन्ही बाजूंनी १०० पैकी ७० वेळा बरोबर येते असे धरू. हे प्रमाण ऐकावयास चांगले वाटते. आता हिशेब पाहा. ज्यांना गुण येणार त्या ४० पैकी २८ जणांना ती "होय" म्हणेल. ज्यांना गुण येणार नाही त्या ६० पैकी १८ जणांनाही ती चुकून "होय" म्हणेल. म्हणजे "होय" मिळालेल्या ४६ जणांपैकी १८ जण फसले. उलट बाजूस, ज्यांना गुण आला असता अशा १२ जणांना ती "नाही" म्हणेल आणि साध्या, स्वस्त गोळीवाचून त्यांना वंचित ठेवील. प्रयोगशाळेचे बिल मात्र १०० जणांना भरावे लागेल.

त्यातही सीआरपी केवळ नैराश्याने वाढत नाही. सर्दी-पडसे, हिरड्यांची सूज, तंबाखू, लठ्ठपणा, संधिवात या कोणत्याही कारणाने ते चढते. पावसाळ्यात ताप येऊन गेलेल्या माणसाचे सीआरपी पाहून त्याच्या मनाचे औषध ठरविणे कितपत योग्य होईल? शिवाय वर सांगितलेले अभ्यास लहान आहेत आणि त्यांतील पहिल्या दोहोंत रक्ताचा हिशेब मागाहून मांडला आहे. आधी रक्त पाहून त्यानुसार औषध दिलेला एक गट आणि नेहमीच्या रीतीने औषध दिलेला दुसरा गट, अशी मोठ्या प्रमाणावर तुलना होऊन पहिल्या गटाचा फायदा वारंवार दिसला पाहिजे. तोपर्यंत सीआरपी ही नैराश्याचे औषध निवडण्याची सर्वमान्य तपासणी होऊ शकत नाही.

जनुकांची तपासणी

अलीकडे जनुकांवरून औषध निवडून देतो, अशा जाहिरातीही दिसतात. यातही काही तथ्य आहे, पण ते किती हे जाणून घ्यावे. आपल्या यकृतात औषधांचे विघटन करणारी विकरे असतात. त्यांपैकी एकाचे नाव सीवायपी-२सी१९. सिटालोप्राम व एस्सिटालोप्राम यांचे विघटन मुख्यत्वे हे विकर करते. काहींमध्ये ते जन्मतः मंद असते. अशांच्या रक्तात तीच गोळी अधिक साठून त्रास होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने अशा लोकांना सिटालोप्राम दिवसाला २० मिलिग्रॅमहून अधिक देऊ नये असे सांगितले आहे. हे विकर मंद करणारा जनुकीय फरक आपल्या उपखंडातील लोकांत युरोपीय लोकांपेक्षा अधिक आढळतो, म्हणून हा विषय आपल्याही जवळचा आहे.

परंतु ही तपासणी सांगते ती गोळी शरीरात किती साठेल एवढेच. मन बरे होईल की नाही, हे ती सांगत नाही. अमेरिकेतील माजी सैनिकांवर झालेल्या 'प्राईम केअर' या चाचणीत १९४४ रुग्ण होते. तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. जनुके पाहून उपचार केलेल्यांत २४ आठवड्यांच्या काळात पूर्ण बरे होण्याचे प्रमाण किंचित अधिक दिसले, परंतु २४ व्या आठवड्याला दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक उरला नव्हता.

कोणत्या रक्ततपासण्या खरोखर कामाच्या?

यावरून रक्त तपासणे व्यर्थ आहे, असा अर्थ कोणी काढू नये. डॉक्टर सांगतील तेव्हा पुढील तपासण्या जरूर कराव्यात.

१) थायरॉईड : ही ग्रंथी मंद झाली तर माणूस सुस्त, उदास होतो. येथे मूळ उपचार थायरॉईडचाच करावा लागतो.

२) हिमोग्लोबिन व ब-१२ जीवनसत्त्व : रक्तक्षयाने येणारा थकवा आणि ब-१२ च्या कमतरतेने येणारी उदासी व विसराळूपणा हे नैराश्यासारखेच दिसू शकतात. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी मंडळींत, ही कमतरता पुष्कळ आढळते.

३) सोडियम : नैराश्याच्या काही गोळ्यांनी वयस्कर माणसांच्या रक्तातील सोडियम उतरते. म्हाताऱ्या आईवडिलांना गोळी सुरू केल्यावर चक्कर, गोंधळलेपणा दिसला तर डॉक्टरांना लगेच कळवावे.

४) लिथियम : हे औषध सुरू असेल तर रक्तातील त्याचे प्रमाण वरचेवर तपासावेच लागते. ते कमी पडले तर गुण येत नाही आणि अधिक झाले तर विषासमान होते.

या तपासण्या दुसरा आजार शोधतात किंवा औषधापासून होणारा धोका टाळतात. "कोणती गोळी लागू पडेल" याचे उत्तर त्या देत नाहीत.

बिनखर्ची तपासणी

त्या प्रश्नाचे आजमितीस मिळणारे सर्वांत बरे उत्तर रुग्णाच्या पहिल्या दोन आठवड्यांतच दडलेले असते. दोन आठवड्यांत थोडीदेखील सुधारणा दिसली तर पुढे गुण येण्याचा संभव वाढतो. काहीच फरक नसेल तर तो संभव कमी होतो आणि मात्रा वाढवावी की औषध बदलावे याचा विचार डॉक्टर करू शकतात. पण यासाठी कोणीतरी नीट नोंद ठेवली पाहिजे. झोप किती झाली, जेवण किती गेले, माणूस कोणाशी बोलले का, हे घरच्यांनी एका वहीत रोज दोन ओळींत लिहावे. पासबुकात रोजची नोंद असली म्हणजे महिनाअखेर वाद राहत नाही, तसेच हे आहे. डॉक्टरांकडे नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली असते. तिचे गुण ० ते २७ असतात. तीही दर भेटीत भरून घेण्याचा आग्रह धरावा.

शेवटी समाजबांधवांना आमची कळकळीची विनंती आहे ती अशी :

१) रक्ताचा रिपोर्ट 'नॉर्मल' आला म्हणजे आजार खोटा, असे रुग्णाला कधीही म्हणू नये. नैराश्य रिपोर्टमध्ये दिसत नाही, तरी ते खरे असते.

२) आठ दिवसांत गुण नाही म्हणून गोळ्या बंद करू नयेत आणि बरे वाटले म्हणूनही आपल्या मनाने एकदम सोडू नयेत. बदल करावयाचा तो डॉक्टरांना विचारूनच.

३) पंचविशीच्या आतील मुलामुलींना गोळी सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे एकटे सोडू नये. या वयात काहींच्या मनात त्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात.

४) औषध निवडून देणाऱ्या महागड्या तपासणीसाठी कर्ज काढू नये किंवा दागिना मोडू नये. त्या पैशात औषधे आणि डॉक्टरांच्या भेटी होतील.

५) कोणाकडे जावे हे सुचत नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य सुरू आहे. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील शासकीय मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहेत. तेथे जाण्यात कमीपणा काहीच नाही.

रक्ताच्या एका थेंबावरून मनाचे औषध सांगणारी तपासणी उद्या निघेलही. अनेक देशांतील संशोधक त्यासाठी झटत आहेत आणि त्यांना यश यावे अशीच आमची इच्छा आहे. परंतु तिची वाट पाहत आज कोणी उपचारावाचून राहू नये. पहिली गोळी लागू पडली नाही तर दुसरी आहे, दुसरी नाही तर तिसरी आहे, आणि जोडीला समुपदेशनही आहे. तोवर धीर सुटू नये म्हणून त्याच्या शेजारी बसणारे माणूस हवे. ते काम प्रयोगशाळा करू शकत नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.